पाळकसाहेबांचं ऐकायचं कुणी?

बचत गटाच्या कामासाठी मी एकदा एका पाळकसाहेबांच्या घरी गेले होते. साहेब दवाखान्यातल्या एका पेशंटसाठी प्रार्थना करून नुकतेच जेवायला बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. मंडळीतले एक आजोबा गेले होते. साहेब तसेच उठले. "ताट झाकून ठेवायची मला सवयच झालीय," वहिनी म्हणाल्या. हसल्या खऱ्या, पण डोळे पाणावले होते.

आमच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ सालापासूनचं. त्यामुळे पाळक आम्हाला नवे नाहीत. पण बाहेरून दिसतो तो रविवारचा झगा आणि शांत चेहरा. सकाळी कबरीपाशी उभं राहायचं आणि संध्याकाळी वधूवरांना हसतमुखानं आशीर्वाद द्यायचा. कुणाची दारू, कुणाचा मोडका संसार, सगळं ऐकून घ्यायचं आणि पोटात ठेवायचं. घरी बायकोलाही सांगायचं नाही.

घरच्यांची वेगळीच परीक्षा. मुलानं जरा दंगा केला, की "पाळकाचा मुलगा असून?" बायकोनं नवी साडी नेसली तरी चर्चा. राहायला घर चर्चचं, बदली झाली की रिकामं करायचं. निवृत्तीनंतर जायचं कुठं, हा घोर वेगळाच.

हे आजचंच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली. त्यांच्या हाताला पैसा थांबत नसे. घर चालवताना लक्ष्मीबाईंची काय तारांबळ उडायची, ते 'स्मृतिचित्रे'त वाचायला मिळतं. वाचताना हसू येतं, पण त्या बाईनं काय काय निभावलं असेल!

पुढे ओळख वाढल्यावर साहेब एकदा म्हणाले, "ताई, लोकांना चिंता करू नका म्हणून सांगतो आणि मलाच रात्र रात्र झोप येत नाही. हे बोललो, तर म्हणतील, यांचाच विश्वास कमी." शेवटी वहिनींनीच हट्ट धरला. दोघं शेजारच्या शहरात मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. इथं कुणी पाहील म्हणून एवढ्या लांब! आता त्यांना झोप लागते. प्रार्थना सुटली नाही आणि औषधही सुटलं नाही. त्यांच्या परवानगीनं, नाव न घेता हे लिहितेय.

ताप आला की गोळी घेतो, मग मन थकलं तर लाज कसली? आणि देवाचं काम करणारा माणूस शेवटी माणूसच ना! उपासनेनंतर आपलं गाऱ्हाणं सांगण्याआधी, "साहेब, तुम्ही कसे आहात?" एवढं तरी विचारू या. त्यांच्या सुटीच्या दिवशी अगदी अडल्याशिवाय फोन नको. वहिनींनाही कमिटीच्या बायकांनी कामापुरतं नाही, मैत्रीण म्हणून बोलवावं.

परवा एका आजींनी साहेबांना चर्चच्या दारातच थांबवलं. "जेवलात का हो?" त्यांनी विचारलं. साहेबांना क्षणभर काय बोलावं तेच सुचेना.