डोंगल बदलण्याआधी

परराज्यात ५० हजारांवरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल हवे. गाडी दारात उभी, आणि घरच्या कॉम्प्युटरचे वायफाय सारखे तुटते! मग व्यापारी बांधव नवा डोंगल आणतात. हा खर्च पुष्कळदा वाया जातो. निळ्या यूएसबी ३.० पोर्टचा, विशेषतः शेजारी हार्ड डिस्क चालू असताना, विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये मिसळतो. इंटेलने २०१२ मध्येच हे दाखवून दिले. डोंगल काळ्या २.० पोर्टात लावावा. फॉर्म भरायला तेवढा वेग पुरतो. मीटरभर एक्स्टेन्शन वायरने तो लोखंडी कॅबिनेटपासून दूर ठेवला तर उत्तमच. तरीही तुटत असेल तर विंडोज वीज वाचवण्यासाठी डोंगल बंद करत असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती खूण काढावी. ड्रायव्हर त्यानंतर तपासावा.