जाहिरात पोचली, पण पटली का?

न्यूजर्सीत, एडिसनच्या बाजूला तुमचं कुणी नात्यातलं राहत असेल तर एकदा विचारून बघा: "तुमच्या राज्याच्या विधिमंडळासाठी पक्षाच्या प्रायमरीत कोण कोण उभं आहे?" बहुधा उत्तर येईल, "अरे, ते कोण लक्षात ठेवतं!"

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिकडे ते मतदार देतात. त्यामुळे रिंगणातले सगळे एकाच पक्षाचे असतात आणि 'पक्ष बघून मत' ही सोपी वाट बंद होते. मतदानालाही थोडेच लोक जातात. अशा वेळी साधं नाव ओळखीचं असणंसुद्धा मोलाचं. मग उमेदवाराने लोकांपर्यंत पोचायचं कसं?

टीव्हीवरून? इथे गणित फसतं. 2020 च्या जनगणनेनुसार न्यूजर्सीची लोकसंख्या सुमारे 93 लाख आणि विधिमंडळाचे मतदारसंघ 40. म्हणजे एका मतदारसंघात साधारण 2.3 लाख माणसं. पण राज्याचा टीव्ही न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या बाजारपेठांत वाटला गेलाय. न्यूयॉर्कच्या वाहिनीवर जाहिरात दिली की ती मॅनहॅटनमध्येही दिसणार, आणि तिथल्या कुणालाच या उमेदवाराला मत देता येत नाही. गल्लीतल्या किराणा दुकानाने राज्यभर होर्डिंग लावावीत, तसला हा प्रकार.

म्हणून लक्ष्यित व्हिडिओ जाहिरात. अमेरिकेत मतदारयादीत तुम्ही कोणत्या निवडणुकीला मतदान केलं याची नोंद असते (कुणाला केलं याची नाही!). अनेक राज्यांत पक्षाची नोंदही असते. गेल्या काही प्रायमरींना नियमित गेलेले मतदार त्यातून निवडायचे, ती यादी डेटा कंपनीकडे द्यायची, कंपनी नाव-पत्त्यावरून त्यांचे फोन आणि स्मार्ट टीव्ही शोधते आणि जाहिरात तेवढ्याच पडद्यांवर जाते.

एक काल्पनिक हिशोब करू. समजा, मतदानाला येण्याची शक्यता असलेले 15,000 मतदार आहेत. यादी जुळवताना त्यातले निम्मेच सापडले, म्हणजे 7,500. प्रत्येकाला 10 वेळा जाहिरात दाखवायची तर 75,000 वेळा दाखवावी लागेल. हजार वेळेला 25 डॉलर दर धरला तर खर्च 1,875 डॉलर. छोट्या उमेदवाराला हा आकडा झेपतो.

सगळीकडे इतकी बारीक निवड करता येत नाही, हेही लक्षात घ्या. गूगलने 2020 च्या सुरुवातीपासून निवडणुकीच्या जाहिराती वय, लिंग आणि पिनकोडपर्यंतच्या ठिकाणापुरत्या मर्यादित केल्या. म्हणजे यूट्यूबवर मतदारयादी चालत नाही आणि पिनकोडच्या सीमा मतदारसंघाच्या सीमांशी जुळतातच असं नाही.

आता मुख्य प्रश्न. जाहिरात पोचली, पण त्याने काही झालं का?

जाहिरात कंपनी 'इतक्या लोकांनी पूर्ण व्हिडिओ बघितला' असा अहवाल देते. पण बघणाऱ्यांतले काही आधीपासून तुमचेच असतील, तर काही चहा करायला उठले असतील. परिणाम मोजायचा तर तुलना हवी. काही गटांना चिठ्ठ्या टाकून निवडायचं, जाहिरात त्यांनाच दाखवायची, बाकीच्यांना नाही, आणि नंतर दोघांनाही सारखेच प्रश्न विचारायचे. औषधाची चाचणी अशीच होते.

डेव्हिड ब्रूकमन आणि डोनाल्ड ग्रीन यांनी नेमकं हेच केलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन प्रयोगांत विधिमंडळ पातळीच्या उमेदवारांनी मतदारसंघातल्या निवडक गटांवर आठवडाभर फेसबुक जाहिरातींचा मारा केला. मग, जाहिरातीशी संबंध नाही असं भासवून, फोनवर सर्वेक्षण घेतलं. काही ठिकाणी लोकांना जाहिरात आठवत होती. पण उमेदवाराचं नाव ओळखणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही आणि त्याच्याबद्दलचं मतही सुधारलं नाही. त्या व्हिडिओ जाहिराती नव्हत्या, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण 'दिसलं' आणि 'पटलं' यांत किती अंतर असतं, ते यातून कळतं.

व्हिडिओबद्दलचा पुरावा टीव्हीकडून येतो. 2006 मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांच्या प्रचारात कुठे, कधी, किती टीव्ही जाहिराती दाखवायच्या हे संशोधकांनी यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. परिणाम चांगला मोठा दिसला, पण आठवड्याभरात जवळपास विरून गेला.

मग प्रायमरीत पैसे वायाच जातात का? तसंही नाही. जोशुआ कॅला आणि ब्रूकमन यांनी 2018 मध्ये 49 प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत प्रचाराने मन वळवण्याचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. पण जिथे पक्षाचा आधार नसतो, त्या प्रायमरींसारख्या लढतींत प्रचाराला वाव दिसतो. म्हणजे उमेदवाराने पैसे मतदानाच्या अगदी जवळच्या दिवसांत खर्च करावेत, आणि थोडे मतदार मुद्दाम जाहिरातीविना ठेवून परिणाम तपासावा.

मला खटकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. यादी बनते ती आधी मतदान केलेल्यांची. जो कधी गेला नाही, नुकताच नागरिक झाला किंवा अठरा वर्षांचा झाला, तो हिशोबात 'वाया' ठरतो. त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही, म्हणून तो मतदानाला जात नाही, आणि गेला नाही म्हणून पुढच्या यादीतही येत नाही. उमेदवाराचे पैसे वाचतात, पण त्या मतदाराला निवडणूक असल्याचंच कुणी सांगत नाही.