ढालीपासून सुरुवात

चाकण गावात संग्रामदुर्ग नावाचा एक भुईकोट किल्ला आहे. आज त्याचे थोडे बुरूज आणि तटाचे काही भाग उरले आहेत, आणि आसपास कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. १६६० सालच्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेने या किल्ल्याला वेढा घातला होता. फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी तो सुमारे ५५ दिवस लढवला. अखेर ऑगस्ट महिन्यात मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवला, तेव्हा किल्ला पडला.

असा प्रसंग शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण नेहमी पाहतो. चंदेरी कागदाच्या तलवारी चमकतात, पुठ्ठ्याच्या ढाली आपटतात, टाळ्या पडतात. पण प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाने विचारले, "खरी ढाल केवढी असे? ती हातात कशी धरीत? किती वेळ धरता येई?" तर काय उत्तर द्याल? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नापाशी नाटक संपते आणि विज्ञान सुरू होते.

जगात अनेक ठिकाणी हौशी मंडळी आणि संशोधक जुन्या काळच्या योद्ध्यांचा वेष व शस्त्रे पुराव्यानुसार तयार करतात आणि ती अंगावर घालून चालून, धावून पाहतात. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे कोल्हापूरचा मर्दानी खेळ. तेथील आखाड्यांत वस्ताद मंडळी लाठी, दांडपट्टा, भाला, विटा यांचे हात शिकवतात. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या हातावर चढते, त्यामुळे मनगट वळवता येत नाही. पाते फिरवायचे ते खांद्याने आणि साऱ्या अंगाने. पुस्तकातले चित्र पाहून हे कळत नाही. पट्टा हातात चढवला की क्षणात कळते.

मर्दानी खेळ गुरूकडून शिष्याकडे असा हातोहात आला आहे. प्राचीन ग्रीसच्या पायदळ सैनिकाची, म्हणजे 'हॉप्लाइट'ची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याची परंपरा केव्हाच तुटली. त्याला उभे करायचे तर प्रत्येक वस्तू पुराव्यावरून जुळवावी लागते. म्हणून पुराव्याची पारख शिकण्यासाठी हा परका योद्धा फार उपयोगी आहे.

आणि तो वाटतो तितका परकाही नाही! चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे जाऊन जुन्नरला पोहोचा. तेथील बौद्ध लेण्यांत इरिल, चित आणि चंद या 'यवनां'नी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख आहेत. 'यवन' हा शब्द मुळात ग्रीकांसाठी वापरला जाई. हे दाते प्रत्यक्ष ग्रीक वंशाचे होते की कसे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण त्या नावाने ओळखली जाणारी माणसे या वाटेवर येऊन गेली, हे दगडावरच कोरलेले आहे.

पुरावा तीन प्रकारचा

हॉप्लाइटची माहिती तीन ठिकाणांहून मिळते. पहिले म्हणजे उत्खननात सापडलेल्या वस्तू, जसे कांस्याची शिरस्त्राणे आणि ढालींचे पत्रे. दुसरे, मातीच्या भांड्यांवरील चित्रे व शिल्पे. तिसरे, हेरोडोटस, थ्यूसिडिडीझ यांसारख्या ग्रीक इतिहासकारांचे लेखन. तिन्ही साक्षीदारांनी एकच सांगितले तर आपला विश्वास वाढतो. त्यांचे जुळत नसेल, किंवा ते गप्प असतील, तेव्हा प्रयोग करून पाहावा लागतो.

अशा एका प्रयोगाची सुरुवात एका विद्यार्थ्याने केली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठात स्कॉट बार्टेल या विद्यार्थ्याने अलेक्झांडरच्या चित्रातले चिलखत स्वतःसाठी करून पाहिले. ते पाहून त्याचे प्राध्यापक ग्रेगरी ऑल्ड्रीट यांनी रीतसर संशोधन हाती घेतले. जवसाच्या धाग्याचे कापड थरावर थर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून त्यांनी तुकडे तयार केले आणि त्यांवर बाण सोडले. सुमारे १२ मिलिमीटर जाडीचा तुकडा बाणापासून चांगले रक्षण करतो, असे दिसून आले. त्यांचे पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण काही अभ्यासकांनी लगेच विचारले की थर चिकटवीत असत याला पुरावा कोठे आहे? ते शिवलेलेही असू शकतील. येथे एक महत्त्वाचा धडा आहे. 'असे करता येते' हे प्रयोग दाखवू शकतो. 'असेच करीत असत' हे तो एकटा सांगू शकत नाही.

उलट, 'असे होणे कठीण आहे' हेही प्रयोग दाखवतो. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईत ग्रीक सैनिक आठ स्टेडिया, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, शत्रूवर धावत गेले असे हेरोडोटसने लिहिले आहे. १९७० नंतरच्या दशकात डॉनलन आणि थॉम्पसन या अमेरिकन संशोधकांनी तरुणांना ढालीएवढे ओझे देऊन धावायला लावले. त्यांच्या मते अशी वेगवान धाव सुमारे २०० मीटरच टिकू शकते. मग बाकीचे अंतर ग्रीक भरभर चालले का? की त्यांचे ओझे आपण समजतो त्यापेक्षा हलके होते? वाद अजून चालू आहे.

दोन ढाली, दोन युक्त्या

आता आपल्या ढालीकडे येऊ. ग्रीक ढाल लाकडाची, खोलगट, सुमारे ९० सेंटिमीटर व्यासाची आणि साधारण ७ किलो वजनाची असे. मधोमध एक रुंद पट्टा असे; त्यातून डावा हात कोपरापर्यंत घालायचा आणि काठाजवळची दोरी मुठीत धरायची. आपल्याकडची ढाल पुष्कळ लहान, कातड्याची किंवा पोलादाची असे. बाहेरून दिसणाऱ्या चार फुलांच्या आत कड्या असत. त्यांत दोन मुठी अडकवलेल्या, आणि मागे बोटांना इजा होऊ नये म्हणून गादी. ही ढाल मुठीत धरून चपळाईने फिरवायची.

पट्ट्याची युक्ती कशासाठी? तरफेचा नियम आठवा. वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर म्हणजे आघूर्ण. येथे टेकू म्हणजे खांदा. ७ किलोची ढाल सरळ हातात, खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर धरली तर आघूर्ण ७ × ६० = ४२० किलो-सेंटिमीटर. तीच ढाल हात दुमडून ३० सेंटिमीटरवर आणली तर ७ × ३० = २१०. श्रम निम्म्यावर आले! शिवाय खोलगट ढालीचा काठ खांद्यावर टेकवता येई.

करून पाहा

चाकण-पिंपरी भागात जाड खोक्यांचा पुठ्ठा सहज मिळतो. प्रौढ ग्रीक सैनिक १७० सेंटिमीटर उंच धरला, तर १५० सेंटिमीटर उंचीच्या विद्यार्थ्याला सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाची ढाल योग्य होईल. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा. एकीच्या आतील नळ्या उभ्या, तर दुसरीच्या आडव्या ठेवून मैद्याच्या खळीने चिकटवा आणि वजनाखाली दोन दिवस वाळू द्या. एका ढालीला मधोमध मूठ लावा, दुसरीला पट्टा आणि काठाची दोरी. दोन्हींच्या मध्यावर वाळूची एक-एक किलोची पिशवी घट्ट बांधा.

आता पहिली ढाल हात सरळ ठेवून आणि दुसरी हात दुमडून किती सेकंद धरता येते, ते घड्याळावर मोजा. प्रत्येकी तीन वेळा, मध्ये विश्रांती घेऊन. अर्ध्या मुलांनी आधी पहिली आणि अर्ध्यांनी आधी दुसरी ढाल धरावी. नाहीतर थकव्याचा दोष ढालीच्या माथी जाईल.

दुसरा प्रयोग मैदानावर. पट्ट्याच्या ढालीचा निम्मा भाग धरणाऱ्याच्या डावीकडे बाहेर राहतो आणि शेजाऱ्याची उजवी बाजू झाकतो. त्यामुळे प्रत्येक सैनिक भीतीने उजवीकडच्या ढालीआड सरकतो आणि सारी रांगच उजवीकडे कलते, असे थ्यूसिडिडीझने इ. स. पू. ४१८ च्या मँटिनीयाच्या लढाईविषयी लिहिले आहे. पाहायचे का खरे आहे ते? आठ मुले खांद्याला खांदा लावून, चुन्याच्या रेषांमधून ३० मीटर चालवा. एकदा ढालीशिवाय, एकदा ढालींसह आणि एकदा समोरून मऊ कापडी चेंडूंचा मारा करून. रांग किती सेंटिमीटर सरकली ते दर वेळी टेपने मोजा. उत्तर आधी ठरवू नका.

काही नियम मात्र कडकपणे पाळा. खरे धारदार शस्त्र आणू नये. त्यावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि आपल्या प्रयोगाला त्याची गरजही नाही. चेंडू छातीखालीच मारावेत. ढाल धरणाऱ्याने कारखान्यात वापरतात तसा डोळ्यांचा चष्मा लावावा. शिक्षक हजर असल्याशिवाय काहीही सुरू करू नये. आणि खांदा दुखू लागताच थांबावे.

शेवटी एक वही करा. प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने आखा: पुराव्याने सिद्ध, प्रयोगाने शक्य, आणि आपला अंदाज. पुढच्या स्नेहसंमेलनात फिरंगोजींचे मावळे रंगमंचावर येतील, तेव्हा ही वही पडद्यामागे ठेवा. कोणी विचारलेच, "कशावरून?", तर ती उघडून दाखवता येईल. तिसरा रकाना बराच भरलेला दिसला, तरी लाजू नका. पुढच्या वर्षी काय शोधायचे, ते त्यातच लिहिलेले आहे.