तार्किक खंड निर्धोकपणे बंद करण्याचा क्रम

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. असे केंद्र बंद करावयाचे म्हणजे नुसती कळ दाबावयाची नव्हे. प्रथम भार उतरवावा लागतो, मग जनित्र वीजजाळ्यापासून तोडावे लागते, आणि तापलेला दंड वाकू नये म्हणून टर्बाइन निवेपर्यंत संथपणे फिरते ठेवावे लागते. युनिक्स प्रणालीवरील तार्किक खंड बंद करतानाही क्रमाचेच महत्त्व आहे. रचना ज्या क्रमाने उभी राहते त्याच्या उलट क्रमाने ती उतरवावयाची असते.

या रचनेचे थर चार. तळाशी प्रत्यक्ष डिस्का. त्या मिळून झालेला खंडसमूह. त्यातून पाडलेले तार्किक खंड. आणि त्यांवर उभारून माउंट केलेली फाइल-व्यवस्था. लिहिलेला मजकूर तत्काळ डिस्कवर उतरतोच असे नाही. काही काळ तो स्मृतीतच थांबतो. वीज अकस्मात गेल्यास तो नष्ट होतो. जर्नलच्या योगे फाइल-व्यवस्थेची घडण बहुधा सावरते. परंतु न उतरलेला मजकूर परत येत नाही.

यास्तव प्रथम वापरणाऱ्यांस सूचना देऊन डेटाबेस व अन्य प्रोग्रॅम थांबवावेत. नंतर ‘युमाउंट’ ही आज्ञा द्यावी. ती उरलेला मजकूर डिस्कवर उतरवूनच जोड सोडते. खंड व्यग्र असल्याचे उत्तर आल्यास तो कोणी अडविला आहे, हे ‘एफयूजर’ने शोधावे. अशा वेळी ‘लेझी’ पर्यायाचा मोह टाळणे बरे. त्याने खंड दृष्टीआड होतो, पण उघड्या फाइलींवरील लेखन चालूच राहते. स्वॅपचा खंड ‘स्वॅपऑफ’ने मोकळा करावा. त्यानंतर लिनक्सवर ‘व्हीजीचेंज’ने, तर एआयएक्सवर ‘व्हॅरीऑफव्हीजी’ने समूह निष्क्रिय करावा. डिस्का दुसऱ्या यंत्रास जोडावयाच्या असल्यास लिनक्सवर ‘व्हीजीएक्सपोर्ट’ करून मगच त्या काढाव्यात.

मूळ फाइल-व्यवस्थेचा खंड मात्र चालू यंत्रावर असा निष्क्रिय करता येत नाही. ते काम ‘शटडाउन’वर सोपवावे. यूपीएसची बॅटरी देते ती केवळ काही मिनिटांची सवड. ती संपण्यापूर्वी हा सर्व क्रम आपोआप सुरू होईल, अशी योजना आधीच करून तिची चाचणी घेतलेली असावी. अनेक वर्षांच्या संशोधनाची सामग्री ज्या यंत्रावर साठविली आहे, तेथे ही दक्षता संशोधनाचाच एक भाग होय.