सल्ल्याची जोखीम, घराण्याची पत

पश्चिम भारताच्या व्यापारात एके काळी ‘जोखमी हुंडी’ नावाची एक हुंडी चालत असे. गलबतातून माल रवाना करणारा व्यापारी त्या मालाच्या आधारावर ही हुंडी लिहून सराफाला विकत असे आणि रोख पैसे उचलत असे. माल सुखरूप बंदराला लागला, तरच हुंडीचे पैसे देय होत. गलबत बुडाले, तर हुंडी घेणाऱ्या सराफाचे पैसेही बुडत. या जोखमीपोटी सराफ हुंडीवर जादा कसर कापून घेई. एकाच कागदात उसनवारीही होती आणि विमाही. जोखमीला किंमत असते आणि ती आधीच मोजलेली बरी, हे शहाणपण व्यापारी घराण्यांना कोणी नव्याने शिकवावे लागले नाही.

आजही दुकानाचा आणि गोदामाचा आगीचा विमा, मालाच्या वाहतुकीचा विमा, वाहनांचा विमा यांत सहसा कुचराई होत नाही. मात्र गेल्या दोन पिढ्यांत घरातील धंद्याचे स्वरूप पालटले. आजोबांनी धान्याची आडत केली, वडिलांनी कापडाचे दुकान सांभाळले. मुलगा सनदी लेखापाल झाला, सून पॅथॉलॉजिस्ट, पुतण्या वास्तुविशारद. त्यांच्याकडे गोदाम नाही आणि जळण्यासारखा मालही नाही. ते विकतात ते ज्ञान आणि सल्ला. तेथे चूक झाली, तर नुकसान होते ते विश्वास टाकणाऱ्या माणसाचे. ते भरून देण्यासाठी असलेली तरतूद म्हणजे व्यावसायिक दायित्व विमा. बाजारात तो ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ या नावाने ओळखला जातो.

आगीचा विमा स्वतःची हानी भरून देतो. हा विमा आपल्या हातून झालेली दुसऱ्याची हानी भरून देतो.

एका तारखेची किंमत

एक उदाहरण कल्पावे. दोघे भाऊ भागीदारीत करसल्ल्याची पेढी चालवतात. एका व्यापारी अशिलाची 2023-24 या वर्षातील काही खरेदी बिले कर्मचाऱ्याच्या हातून वेगळ्या फाइलमध्ये राहिली. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार त्या बिलांवरील कराची वजावट मागण्याची अंतिम मुदत 30 नोव्हेंबर 2024 होती. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले, तर मुदत तेव्हाच संपते. बिले सापडली ती डिसेंबरात. अशिलाची 6 लाख रुपयांची वजावट गेली.

येथे कोणाचीही नियत वाईट नव्हती. तरीही अशिलाचे 6 लाख गेले ते गेलेच, आणि ते मागण्याचा त्याला अधिकार आहे. पेढीने 25 लाखांचा विमा घेतला असेल आणि स्वतः सोसावयाची रक्कम 50 हजार ठरली असेल, तर दायित्व सिद्ध झाल्यावर विमा कंपनी साडेपाच लाख देईल. विमा नसेल, तर सारी रक्कम भावांच्या खिशातून जाईल. वर वकिलाचा खर्च आहेच.

पणाला काय लागते

व्यापारी कुटुंबांतील बहुतेक लहान व्यवसाय एकट्याच्या मालकीचे किंवा भागीदारीचे असतात. एकट्याच्या मालकीत धंदा आणि मालक यांच्यात कायदा भेद करीत नाही. धंद्याचे देणे हे मालकाचे देणे, आणि त्यासाठी राहत्या घरापर्यंत हात पोहोचू शकतो. भारतीय भागीदारी कायदा, 1932 याच्या कलम 25 प्रमाणे पेढीच्या कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि एकट्यानेही जबाबदार असतो. धाकट्याची चूक थोरल्याच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. भावाभावांतील दुराव्याची सुरुवात अनेकदा अशाच एखाद्या देण्यापासून होते.

मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, स्थापली की चिंता मिटली, असा एक समज आहे. 2008 च्या त्या कायद्याने दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपासून संरक्षण दिले हे खरे. परंतु स्वतःच्या चुकीची वैयक्तिक जबाबदारी कलम 28 ने कायम ठेवली आहे. सल्ला देणाऱ्याला स्वतःच्या सल्ल्यापासून पळता येत नाही.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या बाबतीत हा प्रश्न 1995 सालीच ऐरणीवर आला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला. तेव्हापासून डॉक्टरांत हा विमा रुजला. अन्य व्यवसायांत मात्र ‘आपले अशील घरचेच आहेत’ या विश्वासावर काम चालते. घरचे अशील पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे खरे. पण नुकसान मोठे झाले की त्याच्याही घरी मुले असतात, कर्ज असते, भागीदार असतात. तो मागणी करतो ती वैरापोटी नव्हे, गरजेपोटी.

पॉलिसी काय देते, काय देत नाही

व्यवसाय करताना झालेली हयगय, चूक किंवा राहून गेलेली गोष्ट यांमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते, त्याची भरपाई ही पॉलिसी देते. बचावासाठी वकिलाचा खर्चही तीत येतो. मात्र तो सामान्यतः विमा रकमेच्या मर्यादेतूनच जातो. पॉलिसीत दोन मर्यादा असतात : एका घटनेसाठी किती आणि वर्षभरात एकूण किती. पहिल्याच मोठ्या दाव्यात वर्षाची सारी रक्कम संपू शकते, म्हणून दोन्ही आकडे पाहून घ्यावेत. पेढीतील सहायक, प्रशिक्षणार्थी आणि लेखनिक यांच्या चुका पॉलिसीत धरल्या आहेत की नाहीत, हेही तपासावे. गफलत बहुधा त्यांच्याच टेबलावर होते.

फसवणूक, जाणूनबुजून केलेले गैरकृत्य आणि व्यावसायिकाला झालेला दंड यांना हा विमा संरक्षण देत नाही. ते योग्यही आहे. चुकीला आधार मिळावा. लबाडीला मिळू नये.

खंड पडू देऊ नये

आगीच्या विम्याची सवय असलेल्या व्यापाऱ्याला या विम्याची एक गोष्ट चटकन उमगत नाही. चूक घडली त्या वर्षीची पॉलिसी येथे कामी येत नाही. दावा ज्या वर्षी दाखल होतो, त्या वर्षीची पॉलिसी चालू असावी लागते. शिवाय चूक पॉलिसीत नमूद केलेल्या ‘पूर्वलक्षी तारखे’नंतर घडलेली असावी लागते. पहिल्या वर्षी विमा घेतला की ती तारीख ठरते आणि नूतनीकरण अखंड राहिले, तर तीच पुढे चालते. 2018 पासून विमा घेणाऱ्याने एक वर्ष हप्ता चुकवला, तर नव्या पॉलिसीत ही तारीख नव्याने पडू शकते. मग मागील सारी वर्षे उघडी पडतात. एका वर्षाच्या हप्त्याची बचत फार महागात पडते.

हाच नियम निवृत्तीलाही लागू आहे. वास्तुविशारदाने कार्यालय बंद केले, म्हणून त्याने आखलेल्या इमारतीतील दोष दिसायचे थांबत नाहीत. निवृत्तीनंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वाढीव मुदत मिळते का, हे विमा कंपनीला आधीच विचारून ठेवावे. मृत्यूनंतरही वारसा मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी वारसांवर येऊ शकते.

खरे बोलण्याचे दोन प्रसंग

विम्याचा करार परम सद्भावाचा मानला जातो. प्रस्ताव भरताना जुन्या तक्रारी, आलेल्या नोटिसा, व्यवसायाची खरी व्याप्ती हे सारे सांगितले पाहिजे. हप्ता कमी बसावा म्हणून लपवलेली एक ओळ पुढे सारा दावा बुडवू शकते. प्रस्ताव दलालाकडून भरून घेतला, तरी सही करण्यापूर्वी तो वाचणे हे सही करणाऱ्याचेच काम आहे.

दुसरा प्रसंग चूक लक्षात आल्यावर येतो, आणि तो अधिक कठीण. ‘चूक आमची, भरून देतो’ असे म्हणण्याचा संस्कार जुन्या पेढ्यांवर असतो. पॉलिसीची अट मात्र अशी असते की विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दायित्व कबूल करू नये आणि रक्कमही ठरवू नये. येथे अनेकांचे मन द्विधा होते. संस्कार मोडायचा की विमा गमवायचा?

प्रत्यक्षात दोन्ही सांभाळता येतात. अशिलाला घटना खरी सांगावी, कागद दाखवावेत, खेद व्यक्त करावा, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावे. दायित्वाची कबुली आणि भरपाईचा आकडा मात्र कंपनीशी बोलणे होईपर्यंत राखून ठेवावा. सत्य लपवा, असे ही अट सांगत नाही. जे पैसे कंपनीने द्यायचे आहेत, ते तिला न विचारता देऊ करू नका, एवढेच तिचे म्हणणे असते. कळवण्यात केलेली दिरंगाई मात्र दोन्हीकडून नडते.

दुकानदारानेही लक्ष द्यावे

केवळ माल विकणाऱ्यांचे दायित्वही आता स्पष्ट झाले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 यात सदोष उत्पादनाबाबत स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूचा उत्पादक कोण, हे कळत नसेल, तर तिच्यामुळे झालेल्या हानीसाठी विक्रेत्यालाच उत्पादकाच्या जागी उभे राहावे लागू शकते. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला स्वस्त माल या एका कारणानेही महाग पडतो. उत्पादन दायित्वाचा विमा वेगळा मिळतो. पण खरेदीचे पक्के बिल जपून ठेवणे हे त्याहून पहिले संरक्षण.

दावा नाकारला गेला तर

प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसींच्या तक्रारी तेथे विनाशुल्क ऐकल्या जातात. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तेथे गेले पाहिजे.

पूर्वी पेढीची पत तिच्या वह्यांवरून ठरत असे. ज्याच्या वहीत येणे तसे देणेही स्पष्ट लिहिलेले असे, त्याच्याशी लोक निर्धास्त व्यवहार करीत. आपल्या हातून चूक होणारच नाही, असे कोणत्याही पेढीने कधी म्हटले नाही. झालेली चूक निस्तरण्याची ताकद तिच्यात आहे, हे मात्र गाव ओळखून असे. येत्या दिवाळीला वहीपूजनासाठी सारे कुटुंब एकत्र बसेल, तेव्हा सल्ला विकणाऱ्या घरातील पिढीने एक प्रश्न मांडावा : उद्या एखाद्या अशिलाचे आपल्यामुळे मोठे नुकसान झाले, तर ते कोठून भरून देणार? उत्तर घराच्या किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांच्या दिशेने जाऊ लागले, तर नव्या वर्षाच्या खर्चात या हप्त्यासाठी एक रकाना आताच आखून ठेवणे बरे.