मुखपृष्ठ पुनर्रेखाटन (कॉमिक्स)

मुखपृष्ठ पुनर्रेखाटन म्हणजे पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कॉमिक्सच्या अंकाचे मुखपृष्ठ चित्रकाराने पुन्हा हाताने काढणे होय. असे चित्र छपाईसाठी नसते. ते एखाद्या संग्राहकाच्या मागणीवरून, ठरलेल्या मोबदल्यात आणि बहुधा एकाच प्रतीत काढले जाते. मूळ मुखपृष्ठाच्याच चित्रकाराने ते काढले असेल तर त्याला विशेष मोल येते. तथापि इतर चित्रकारांनी केलेली पुनर्रेखाटनेही मोठ्या संख्येने आढळतात. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेतील सुपरहिरो कॉमिक्सच्या क्षेत्रात वाढली. वरवर पाहता तो स्मरणरंजनाचा प्रकार वाटतो. परंतु तिच्या मुळाशी चित्रकाराने काढलेल्या मूळ चित्राची मालकी कोणाची, हा जुना वाद आहे.

पार्श्वभूमी

लेखक जेरी सीगल व चित्रकार जो शुस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनच्या पहिल्या कथेबरोबर त्या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरला प्रकाशकाला दिले. जून १९३८ ही तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर हिरवी मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन दिसतो. कॉमिक्सच्या इतिहासात सर्वाधिक वेळा पुन्हा काढल्या गेलेल्या मुखपृष्ठांत त्याची गणना करावी लागेल. या अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला विकली गेली. शुस्टर यांची दृष्टी मात्र उत्तरायुष्यात अधू झाली होती आणि परिस्थिती हलाखीची होती. सीगल यांनी जाहीर निषेध केल्यानंतर १९७५ च्या अखेरीस दोघांना प्रत्येकी २०,००० डॉलरचे वार्षिक मानधन मिळू लागले.

त्या काळी चित्रकाराला पानामागे ठरावीक रक्कम मिळे आणि चित्र प्रकाशकाचे होई. छपाई झाल्यावर त्या कागदाचे काम संपले, अशीच समजूत होती. कित्येक मूळ चित्रे भेट म्हणून वाटली गेली, कित्येक गहाळ झाली, कित्येक फाडून टाकण्यात आली. १९३० व १९४० च्या दशकांतील बहुतेक मूळ मुखपृष्ठचित्रे आज उपलब्ध नाहीत. १९७० च्या दशकात मोठ्या प्रकाशकांनी मूळ पाने चित्रकारांना परत देण्यास आरंभ केला. पण जुन्या पानांचा प्रश्न उरलाच. जॅक कर्बी यांनी मार्व्हलसाठी हजारो पाने काढली होती. १९८४ साली त्यांना केवळ ८८ पाने देऊ करण्यात आली आणि त्यासाठी इतर चित्रकारांपेक्षा अधिक कठोर अटींच्या कागदावर सही मागण्यात आली. दीर्घ वादानंतर १९८७ साली सुमारे दोन हजार पाने त्यांच्या हाती आली.

जे चित्र स्वतःच काढले, ते स्वतःजवळ नाही आणि विकताही येत नाही, अशी अवस्था असलेल्या पिढीला ते पुन्हा काढणे हा एक मार्ग उरला.

चित्रकार

शेल्डन मोल्डॉफ (१९२०–२०१२) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग्रीन लँटर्न हे पात्र प्रथम ज्या अंकात आले, त्या 'ऑल-अमेरिकन कॉमिक्स'च्या सोळाव्या अंकाचे (१९४०) मुखपृष्ठ त्यांचे होते. १९५३ ते १९६७ या काळात त्यांनी बॅटमॅनच्या असंख्य कथा चित्रित केल्या. मात्र करारानुसार नाव छापले जाई ते बॉब केन यांचे. वृद्धापकाळी संग्राहकांसाठी त्यांनी जुन्या मुखपृष्ठांची पुनर्रेखाटने केली, ती स्वतःच्या सहीने. कर्बी यांच्या पेन्सिलचित्रांवर शाईकाम करणारे डिक आयर्स (१९२४–२०१४) हेही अशा कामासाठी ओळखले जात.

सुपरहिरोंच्या क्षेत्राबाहेरील, पण या प्रथेच्या आरंभकाळातील महत्त्वाचे नाव कार्ल बार्क्स (१९०१–२०००) यांचे आहे. डोनाल्ड डकच्या कथा त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ निनावी राहून काढल्या. निवृत्तीनंतर १९७१ साली एका चाहत्याने 'वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज'च्या १०८ व्या अंकाचे मुखपृष्ठ तैलरंगांत करून मागितले. बार्क्स यांनी आधी डिस्ने कंपनीची परवानगी घेतली, आणि सत्तरी गाठलेल्या या चित्रकाराचा नवा व्यवसाय सुरू झाला. पुढे एका चित्राच्या अनधिकृत छापील प्रती विक्रीस आल्याचे उघड झाल्यावर १९७६ साली कंपनीने परवानगी काढून घेतली. दोष दुसऱ्याचा होता, पण हात थांबले ते बार्क्स यांचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

कार्यपद्धती

मागणीबरहुकूम चित्रांचे दर साधारणतः आकार व तपशिलानुसार ठरतात: केवळ चेहरा, अर्धाकृती, पूर्णाकृती आणि सर्वांत वरच्या टोकाला संपूर्ण मुखपृष्ठ. चित्रकार बहुधा विसार घेऊन काम स्वीकारतो. कॉमिक्स संमेलनांत पात्राचे झटपट रेखाचित्र तिथल्या तिथे मिळते. पुनर्रेखाटनास मात्र कित्येक दिवस लागू शकतात.

प्रथम छापील अंकावरून मूळ आकाराचा आराखडा केला जातो. सुमारे १९६७ पर्यंत मूळ चित्रे छापील आकाराच्या जवळजवळ दुप्पट काढत. नंतर ती १० × १५ इंचांच्या मर्यादेत आली. म्हणून जुन्या मुखपृष्ठाचे काटेकोर पुनर्रेखाटन मोठ्या जाड कागदावर करावे लागते. त्यानंतर पेन्सिलकाम, मग कुंचला व टाकाने काळ्या शाईचे काम. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ मुखपृष्ठचित्र सहसा कृष्णधवल असे. रंगांची सूचना वेगळ्या कागदावर दिली जाई आणि रंग छपाईतच प्रकट होत. त्यामुळे जलरंगांत रंगवलेले पुनर्रेखाटन हे हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल नसते, तर वाचकाच्या स्मरणातील छापील अंकाचे चित्र असते. अंकाचे नावही मूळ चित्रावर बहुधा वेगळे चिकटवलेले असे. पुनर्रेखाटनात ते हाताने काढतात.

वृद्ध चित्रकाराची रेषा तरुणपणच्या रेषेसारखी उतरत नाही. काही जण जुन्या चुका दुरुस्तही करतात. काही संग्राहकांना हा बदल खटकतो, परंतु अभ्यासकांना त्यातूनच चित्रकाराची वाटचाल दिसते.

अभिवादन, पुनर्रेखाटन आणि बनावट चित्र

जॉन बर्न यांनी 'फँटॅस्टिक फोर'च्या २६४ व्या अंकाचे (१९८४) मुखपृष्ठ पहिल्या अंकाच्या रचनेवर बेतले. हे नव्या अंकासाठी केलेले, छापून आलेले अभिवादन आहे. त्यास पुनर्रेखाटन म्हणत नाहीत. दुसऱ्याचे मुखपृष्ठ पुन्हा काढणाऱ्याने आपल्या सहीजवळ मूळ चित्रकाराचे नाव लिहावे, असा संकेत आहे. स्वतःचेच चित्र पुन्हा काढणाऱ्याने नवी तारीख घालणे तितकेच आवश्यक असते, कारण तारखेविना असे चित्र पुढे मूळ म्हणून विकले जाण्याचा धोका असतो. हा धोका काल्पनिक नाही: टॉड मॅकफार्लेन यांच्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक ३२८ च्या मूळ मुखपृष्ठाला २०१२ साली साडेसहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली. छपाईच्या खुणा, कडेच्या निळ्या पेन्सिलीतील सूचना, डिंकाचे डाग आणि पाठीमागील 'कॉमिक्स कोड'चा शिक्का यांवरून मूळ चित्र ओळखण्यास मदत होते.

हक्कांचा प्रश्न

पात्राचे हक्क प्रकाशकाकडे असल्याने पुनर्रेखाटनाची कायदेशीर बाजू कमकुवत आहे. हाताने काढलेल्या एकेका चित्राकडे प्रकाशक सहसा कानाडोळा करतात. त्याच चित्राच्या छापील प्रती विकणे वेगळे मानले जाते. घोस्ट रायडर या पात्राचे एक जनक, लेखक गॅरी फ्रीडरिक यांनी मार्व्हलविरुद्ध मालकीहक्काचा दावा लावला, तेव्हा त्या पात्राची चित्रे व वस्तू विनापरवाना विकल्याबद्दल मार्व्हलने त्यांच्याकडून १७,००० डॉलरची मागणी केली. २०१२ मध्ये ही बातमी पसरताच अनेक व्यावसायिक चित्रकारांत अस्वस्थता निर्माण झाली, कारण संमेलनांतील मागणीची चित्रे हा त्यांच्या उत्पन्नाचा भाग होता. २०१३ साली अपील न्यायालयाने फ्रीडरिक यांच्या विरोधातील निकाल रद्द केला आणि त्यानंतर उभय पक्षांत तडजोड झाली. त्यामुळे संमेलनात चित्रे काढून विकणाऱ्याचा अधिकार नेमका किती, या मुद्द्यावर न्यायालयाचा निर्णय या खटल्यातून मिळाला नाही.