हरणांची पंगत कोठे मांडावी?

रानात हरीण कोठे भेटेल, असे जुन्या शिकाऱ्यास विचारले, तर तो बहुधा झाडाचे नाव सांगे. कार्तिकानंतर आवळ्याखाली बसावे, माघ-फाल्गुनात काटेसावरीच्या गळलेल्या फुलांपाशी, चैत्रात मोहाखाली. आणि उंबर व पाणवठा यांस तर बारा महिने विसरू नये, हे त्याचे शास्त्र होते. जनावर पोटामागे जाते, हे त्याने ओळखले होते, व त्या ज्ञानाचा उपयोग तो जनावराच्या प्राणाकडे करीत असे.

अमेरिकेत हे शास्त्र आज राजरोस चालते. तेथील जमीनमालक हरणे आपल्या हद्दीत यावीत म्हणून ओकची झाडे जोपासतात, त्यांस खत घालतात, क्लोव्हरचा चारा पेरतात आणि हंगाम लागताच परवाना घेऊन शिकार करतात. आमच्या देशात ती वाट बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने शिकारीस जी थोडी जागा उरली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने गेली. व अभयारण्यात शिकार करणारास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मग हरणांच्या अन्नाची ही विद्या टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. विद्या निर्दोष आहे. तिचा हेतू तेवढा बदलावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेणेच्या वाचकांस उदाहरणासाठी दूर जावयास नको. मुरूड व रोहे तालुक्यांच्या डोंगरांत पसरलेले फणसाडचे रान जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये तेच रान अभयारण्य ठरले. तेथील पाणवठ्यांस लोक ‘गाण’ म्हणतात. ज्या पाणवठ्यांवर पूर्वी बंदुका रोखल्या जात, तेथे आता सांबर, भेकर व इवलीशी पिसोरी यांनी निर्धास्तपणे पाणी प्यावे, असा कायद्याचा हुकूम आहे. परंतु हुकमाने तहान भागेल, भूक कशी भागणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

कोकणात पावसाळ्यात गवतास तोटा नाही. खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. गवत वाळते, आणि उरते तेही फाल्गुनात वणवा गिळतो. हे वणवे बहुधा आपोआप लागत नाहीत. माणसाच्या हातून लागतात. दुसरीकडे रानमोडी व घाणेरी मोकळ्या माळांवर अशा माजल्या आहेत, की त्यांच्याखाली गवताची काडी उगवत नाही, आणि हरीण त्यांना सहसा तोंड लावीत नाही. तिसरीकडे, वनीकरणाच्या नावाने कित्येक डोंगरांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. डोंगर दुरून हिरवा दिसतो; पण त्या हिरवाईत ना उंबर, ना भोकर, ना बेहडा. हे म्हणजे पाहुण्यांपुढे पत्रावळी मांडून त्यांस उपाशी उठविणे होय.

उपाशी जनावर मग शेताकडे वळते. सांबर व रानडुकरे पिकात शिरतात, शेतकरी संतापतो. आणि रानात भक्ष्य विरळ झाले म्हणजे बिबट्या वाडीतील शेळी व कुत्रे शोधू लागतो. रानातील एका पिकलेल्या आवळ्याचा संबंध गोठ्यातील शेळीशी असा पोहोचतो.

आता आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द. आवळा, हिरडा, शिकेकाई यांचा व्यवहार जरूर व्हावा. त्यावर डोंगरातील कातकरी व ठाकूर कुटुंबांची चूल पेटते. पण फांद्या छाटून, कोवळी फळे ओरबाडून आणलेला माल विकत घेणे म्हणजे पुढील वर्षाच्या भांडवलावर घाव घालणे होय. पिकलेल्या फळास चांगला भाव द्यावा, कोवळे नाकारावे आणि झाडावर तिसरा हिस्सा रानासाठी सोडावयास सांगावे. वाणी मुद्दल खात नाही. मग रानाचेच मुद्दल का खावे?

आणखी एक गोष्ट कडू आहे, तरी बोललीच पाहिजे. फास लावणारा कातकरी पकडला गेला, तर त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. पण रानच्या मटणाची चोरून मागणी करणारा, त्यासाठी रोख पैसे मोजणारा शहरी सद्गृहस्थ कोठे असतो? चोर सोडून संन्याशाला फाशी, हा न्याय आम्हांस मान्य नाही. गिऱ्हाईक नाहीसे झाले की फासांचा बाजार आपोआप बसेल. सुशिक्षित म्हणविणारांनी एवढा संयम पाळणे काही अवघड नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. रानमोडीस हिवाळ्यात फुले येतात. ती येण्यापूर्वी, आश्विन-कार्तिकातील ओलीत, तिला मुळासकट उपटावे. होळीपूर्वी जाळरेषा काढाव्या. गाणांतील व झऱ्यांतील गाळ उपसावा. उंबर, आवळा, बेहडा, जांभूळ, भोकर यांची रोपे पहिल्या पावसात लावावी. मात्र ती शेताच्या बांधास किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेस नकोत, रानाच्या पोटात व विखरून हवीत. सर्व झाडे एके ठिकाणी लावली, तर फास लावणारास ती आयतीच जागा होईल. अभयारण्याच्या हद्दीत अर्थातच वनखात्याच्या परवानगीने व देखरेखीखालीच हात घालावा. बाहेरील रानांत २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांस आपले सामूहिक रान राखण्याचा व वाढविण्याचा अधिकार दिला आहे. तो कायदा शिकारीची मुभा देत नाही. पण रान जोपासण्याची सत्ता देतो, आणि ती वापरणे गावाच्या हाती आहे. या कामाची मजुरी डोंगरातील वाड्यांनाच मिळावी. कोणत्या झाडाखाली कोणते जनावर केव्हा येते, हे कातकऱ्याइतके कोणास ठाऊक आहे? ज्या ज्ञानाने तो आज गुन्हेगार ठरतो, त्याच ज्ञानावर उद्या त्याला मानाची भाकर मिळू शकते.

याच जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी रयतेने जंगलावरील आपल्या हक्कासाठी सत्याग्रह केला व गोळ्या झेलल्या. रान आपले आहे, हे त्यांनी प्राण देऊन सिद्ध केले. आपले म्हटलेल्या घरातील मुकी जनावरे उपाशी राहू नयेत, एवढे सिद्ध करण्यास आम्हांस प्राण द्यावयाचे नाहीत. हाती कुदळ घ्यावयाची आहे. ती घेण्यास पेण व रोहे येथील मंडळी कचरणार नाहीत, अशी आमची उमेद आहे.